नळी कुठली, बंदूक कुठली?

पालघर जिल्ह्यातल्या कासा-चारोटीच्या पट्ट्यात बारा बोअरची बंदूक लोकांच्या नजरेला पडते ती मुख्यतः दोन प्रसंगी. एक तर बँकेच्या दारात किंवा रोकड नेणाऱ्या गाडीशेजारी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर. दुसरा प्रसंग निवडणुकीचा. आचारसंहिता लागली की परवानाधारक आपापली शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला निघतात, आणि एरवी कपाटात कुलूपबंद असलेल्या बंदुका कापडी पिशवीतून बाहेर येतात.

यातल्या बऱ्याच बंदुका मालकापेक्षा जास्त जगतात. वडील जातात, बंदूक राहते. तिच्याबरोबर मुलाच्या हाती येतं परवान्याचं पुस्तक, आणि ते जुनं असेल तर त्यावर शिक्का असतो ठाणे जिल्ह्याचा. कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू-तलासरीची सगळी कागदपत्रं ठाण्यालाच होत. पुस्तकात बोअर आणि क्रमांक लिहिलेला असतो. बंदूक एकनळी की दोननळी, एवढंही त्यावरून कळतं. मॉडेल मात्र कळत नाही. नळीला गंज चढलेला असतो, दस्ता सैल झालेला असतो, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, नवीन नळी टाकून घेऊ. या एका वाक्यात यंत्राचे आणि कायद्याचे मिळून बरेच प्रश्न दडलेले आहेत.

आधी बोअरचं. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीचा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. ती ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा अरुंद असते. पण दोन बंदुका बारा बोअरच्या आहेत एवढ्यावरून एकीची नळी दुसरीला बसेल असं मुळीच नाही.

पंप बंदुकीत पुढची लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की नवं आत बसतं. मुख्य नळीखाली दुसरी नळी असते. तिच्यात काडतुसं एकामागे एक भरलेली असतात आणि ती बाहेरून दिसत नाहीत. म्हणूनच जुनी पंप बंदूक तपासायला घेताना पहिलं काम म्हणजे मूठ मागे ओढून आतला कप्पा बोटाने चाचपायचा, मग खालची नळीही रिकामी असल्याची खात्री करायची. दोननळी बंदूक मोडून उघडली की सगळं समोर दिसतं, पंप बंदुकीत तसं दिसत नाही. ओळख पटवायची घाई झालेल्या माणसाकडून नेमकी हीच पायरी सुटते.

आता मॉडेल. नळीवर कोरलेलं नाव वाचून बंदूक ओळखायची सवय अमेरिकी बंदुकांच्या बाबतीत हमखास फसवते. तिकडे गेल्या शतकात मोठमोठी दुकानं कारखान्याकडून बंदुका बनवून घेत आणि स्वतःच्या नावाने विकत. माँटगोमेरी वॉर्डच्या दुकानातली ‘वेस्टर्न फील्ड ५५०’ आणि वेस्टर्न ऑटोची ‘रेव्हलेशन ३१०’ या दोन्ही मुळात मॉसबर्ग कंपनीच्या ‘५००’. सीअर्सची ‘मॉडेल २००’ म्हणजे विंचेस्टरची ‘१२००’. नावावरून शोधायला गेलं तर यांचे सुटे भाग सापडत नाहीत. मूळ कारखाना कळला की सापडतात.

तो कळतो बंदुकीच्या मधल्या धातूच्या पेटीवरून, म्हणजे रिसिव्हरवरून. मॉसबर्ग ५०० हे १९६१ सालापासूनचं मॉडेल. त्याची पेटी ॲल्युमिनियमची असते, तिला चुंबक चिकटत नाही. आणि सुरक्षेचा खटका पेटीच्या वर, मागच्या टोकाला, अंगठ्याखाली येतो. रेमिंग्टन ८७० ही १९५० च्या सुमारास बाजारात आली. तिची पेटी पोलादी. चुंबक टक्कन बसतो, आणि खटका चापाच्या मागे आडवा असतो. विंचेस्टर १२०० चा खटका चापाच्या पुढे. इथाका ३७ तर लांबूनही ओळखू यावी, कारण तिच्या बाजूला भोकच नाही: काडतूस खालून भरायचं आणि रिकामं झालेलंही खालूनच पडतं. एक चुंबक आणि नीट पाहणारे डोळे एवढ्यावर निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं बारीक अक्षरांत असतं. रेमिंग्टन ८७० च्या क्रमांकाच्या शेवटी ‘व्ही’ हे इंग्रजी अक्षर असेल तर ती बारा बोअरची, पावणेतीन इंची काडतुसाची. ‘एम’ असेल तर तीन इंची मॅग्नमची. मॉसबर्ग ५०० मध्ये काडतुसांच्या नळीची लांबी मोजावी लागते. सहा काडतुसांच्या बंदुकीची मुख्य नळी आठवाल्या बंदुकीला बसत नाही, कारण नळीला पकडून ठेवणारी कडी वेगळ्या जागी येते. त्याच कंपनीच्या स्वस्तातल्या ‘मॅव्हरिक ८८’ ची नळी मात्र, काडतुसांची संख्या सारखी असेल तर, ५०० ला चपखल बसते. आणि मॉसबर्गचीच ‘८३५’? तिची नळी ५०० ला चालत नाही. एकाच घरातली भावंडं असली तरी त्यांच्या नळ्यांची अदलाबदल गृहीत धरता येत नाही.

इथाका ३७ ची गोष्ट याहून सांगण्यासारखी आहे. ही बंदूक १९३७ पासून बनते. सुमारे ८,५५,००० या क्रमांकाच्या आधीच्या बंदुकांना प्रत्येक नळी कारखान्यात हाताने जुळवून बसवलेली असे. त्यानंतरच्यांच्या नळ्या एकमेकींना चालतात. म्हणजे दोन बंदुका शेजारी ठेवल्या तर दिसायला सारख्याच, पण एकीला विकत आणलेली नळी सरळ बसेल आणि दुसरीला कारागीर लागेल. हा फरक क्रमांक वाचल्याशिवाय कळायचा नाही.

पालघर जिल्ह्यात हे सगळं कशाला, असं कुणी विचारेल. परदेशी बंदुकांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जवळपास बंद आहे. त्यामुळे आज जी परदेशी पंप बंदूक वापरलेली म्हणून विकायला येते ती बहुधा त्याआधीची असते, आणि तिची नळी दुकानात मागितली तर मिळत नाही. देशी पंप बंदूक म्हणजे तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीची बारा बोअरची. ही निर्माणी ऑक्टोबर २०२१ पासून कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीच्या छत्राखाली आहे. तिची नळी हवी तर त्याच वाटेने, परवानाधारक विक्रेत्यामार्फत विचारावी लागते.

आणि इथे अमेरिकेची आणि आपली वाट पूर्ण वेगळी होते. तिथल्या कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे ती मधली पेटी. नळी हा सुटा भाग. टपालाने घरपोच येतो. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने बंदुकीच्या व्याख्येत तिचे भागही घेतले आहेत. जास्तीची नळी घरात आणून ठेवली तर ती नुसतं लोखंड राहत नाही, कायद्याच्या लेखी ती शस्त्रात मोडते. नळी आखूड करून घेणं हा तर त्याच अधिनियमाच्या कलम ६ चा विषय आहे, त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. अमेरिकेत साडेअठरा इंची नळ्या सर्रास विकल्या जातात, कारण तिथली किमान मर्यादा १८ इंच आहे. आपल्या शस्त्र नियमांत २० इंचांहून आखूड नळीची गुळगुळीत बोअरची बंदूक सामान्य नागरिकासाठी असलेल्या वर्गात बसतच नाही. परदेशातल्या नातेवाइकाने उत्साहाने सुचवलेली नळी म्हणूनच आधी पट्टीवर मोजावी: बंदूक रिकामी करून, पेटी बंद करून, तोंडातून आत सरळ काठी सरकवायची आणि ती जिथे अडते तिथपर्यंतची लांबी धरायची.

क्रमांकाचा मुद्दा याहून नाजूक. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याआधी बनलेल्या स्वस्त दुकानी बंदुकांवर पुष्कळदा क्रमांकच नसे. आपल्याकडे ओळखखूण नसलेली बंदूक विकता किंवा हस्तांतरित करता येत नाही, हे कलम ८ सांगतं. क्रमांक घासलेला असेल तर तिथेच थांबलेलं बरं. विकणाऱ्यानेही जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे असतात. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, तेव्हा वारशाने तिसरी आली तर तिचा निर्णय आधी घ्यावा लागतो.

दोननळी बंदुकांचं काय? तिथे नळ्यांची जोडी, पुढची मूठ आणि खालची यंत्रणा या तिघांवर बहुधा एकच क्रमांक असतो, कारण तिघं हाताने जुळवलेले असतात. तीन ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर मधे कधीतरी भाग बदलला गेला आहे. जुन्या इंग्रजी दोननळीत काडतुसाचा कप्पाही अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचा असू शकतो. आजची सर्वसाधारण काडतुसं ७० मिलिमीटरची. पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्याची, १८६९ सालापासून चालत आलेल्या त्या कारखान्याची, ‘शक्तिमान’ काडतुसं परवानाधारकांच्या ओळखीची आहेत. घेताना खोक्यावरची लांबी वाचून कप्प्याशी ताडून पाहायची असते. लांब काडतूस आखूड कप्प्यात सहज बसतं, धोका तिथेच आहे. उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

नळी बदलायची गरज आहे का, हे मात्र घरीही बघता येतं. नळी बंदुकीपासून काढून उजेडाकडे धरली आणि एका टोकातून पाहिलं की आतली भिंत चकचकीत दिसायला हवी. कुठेतरी काळसर कडं दिसलं तर तिथे नळी फुगली आहे. कधीतरी चिखल किंवा चिंधी अडकलेली असताना चाप ओढला गेलेला असतो. अशी नळी पुन्हा वापरायची नसते. नुसते बारीक ठिपके असतील तर तो गंज. कोकणपट्टीतल्या चार महिन्यांच्या ओल्या हवेत, कापडी पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या बंदुकीवर तो चढतोच. गंज किती खोल गेला आहे हे परवानाधारक कारागीरच सांगू शकतो. त्याच्याकडे जाताना बंदुकीबरोबर परवान्याचं पुस्तक, आणि कागदावर उतरवलेला क्रमांक, काडतुसाची लांबी, नळीची लांबी एवढं नेलं, तर पहिल्याच फेरीत त्याला सांगता येईल की नळी मिळेल, बनवून घ्यावी लागेल, की बंदूक आहे तशी जमा करून टाकणं शहाणपणाचं.