वार्धक्यातील पडणे आणि त्याचा प्रतिबंध

घरातील वृद्ध मनुष्य तोल जाऊन पडला, की ‘वयच झाले’ असे म्हणून आपण तो विषय दाखल-दप्तर करतो. परंतु असे पडणे सर्वस्वी दैवाधीन नसून त्याची कारणे शोधता येतात आणि पुष्कळ अंशी दूरही करता येतात, हे अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या प्राध्यापिका डॉ. मेरी टिनेटी यांनी संशोधनाने दाखवून दिले.

१९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत, घरी राहणाऱ्या ७५ वर्षे व त्यांहून अधिक वयाच्या ३३६ व्यक्तींवर वर्षभर लक्ष ठेवले असता, शेकडा ३२ व्यक्ती निदान एकदा पडल्याचे आढळले. झोपेची वा गुंगीची औषधे, पायांची दुर्बलता, स्मृतिभ्रंश, पावलांचे विकार, तोल आणि चाल यांतील दोष, अशा कारणांपैकी एकही ज्यांच्या ठायी नव्हते, त्यांत पडण्याचे प्रमाण शेकडा ८ होते; जेथे चार वा अधिक कारणे एकवटली, तेथे ते शेकडा ७८ झाले.

पुढे १९९४ मध्ये, सत्तरी गाठलेल्या ३०१ व्यक्तींच्या प्रयोगात, ज्यांच्या औषधांत फेरफार करून तोल व स्नायुबल यांचे व्यायाम शिकविले, त्यांपैकी वर्षभरात शेकडा ३५ पडल्या. इतरांपैकी शेकडा ४७.

तात्पर्य, आपल्या वडीलधाऱ्यांची औषधे वैद्यांकडून वेळोवेळी तपासून घेणे आणि त्यांच्या पायांत बळ राखणे, ही केवळ सेवा नव्हे, तर शास्त्रसंमत प्रतिबंधक चिकित्साच होय.