दम्याला आडपडदा कशाला?

खानापूरच्या बाजूस पावसाची झड लागली, की घरातील ओल, भिंतीवरची बुरशी आणि ओल्या लाकडांनी धुमसणारी चूल यांमुळे पुष्कळांच्या छातीत घरघर सुरू होते. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते, त्या आवळतात, आणि घेतलेला श्वास बाहेर टाकणेच कठीण होते. हा विकार संसर्गजन्य नाही. दमेकऱ्याच्या पेल्यातून पाणी प्यायल्याने तो कोणास होत नाही.

तरीही आमच्या कुटुंबांतून तो लपविला जातो. मुलगी उपवर झाली, की तिचा फवारा कपाटात जातो. 'पंपाची सवय जडेल' असे शेजारीण सांगते व वडीलधारी मंडळी माना डोलावतात. पुढे सासरी ती चुलीपुढे बसून धाप लपवीत राहते. सोयरिकीच्या बैठकीत सोने तोळ्यांनी मोजून घेणाऱ्यांनी एवढे सत्य ऐकून घ्यावयास काय हरकत आहे, हे आम्हांस कळत नाही.

२०१९ सालच्या जागतिक अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात होते. दम्याने दगावलेल्यांपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक. योग्य औषध नियमित न घेणे, हे त्याचे एक मोठे कारण. धाप लागताच ओढावयाचा साधा फवारा नलिका मोकळ्या करतो, पण सूज तशीच राहते. सूज उतरविणारे औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, बरे वाटत असतानाही घ्यावे लागते. नेमके तेच आपण सोडतो. त्यातील स्टेरॉइडला भिऊन गोळ्यांकडे वळणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की फवाऱ्यातील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि गोळीतील मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम! फवाऱ्यानंतर चूळ भरावी, एवढेच पथ्य.

मिस्साच्या वेळी धूपाचा त्रास होणाऱ्यांनी खुशाल दाराजवळ बसावे. त्याने भक्तीला उणेपणा येत नाही. ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवासही औषधाने मोडत नाही. १९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात पाणी व औषध यांना स्पष्ट मुभा आहे. तेव्हा फवारा चर्चमध्येही जवळ असू द्यावा.

बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर पडत असतील किंवा बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल, तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णास आडवे न करता बसते ठेवावे, धाप थांबविणारा फवारा द्यावा, आणि शेजाऱ्याचे दार मध्यरात्री ठोठवावे लागले तरी वाहन मिळवून तडक इस्पितळ गाठावे.