जर्मन लष्करी पिस्तुलांची चामडी होल्स्टर्स : ओळख व कालनिश्चिती

प्रस्तावना :
लष्करी इतिहासाच्या अभ्यासात शस्त्रांकडे जेवढे लक्ष दिले जाते, तेवढे त्यांच्या चामडी आवरणांकडे दिले जात नाही. वस्तुतः निर्माता, स्थळ व वर्ष यांचे ठसे असलेले जर्मन होल्स्टर हे इतिहासाचे एक बोलके भौतिक साधन होय. मात्र ठशातील वर्ष निर्मितीचे असते. वापराचा काळ त्याहून दीर्घ असू शकतो. हा भेद न पाळल्यास संग्रहालयीन नोंदींत चुकीचे निष्कर्ष रूढ होतात.

रचना :
प्रथम होल्स्टर कोणत्या पिस्तुलाचे आहे, हे ठरवावे. जर्मन भूदलाने १९०८ मध्ये स्वीकारलेल्या पी-०८ अर्थात लुगर पिस्तुलाच्या होल्स्टरच्या कडेला जादा मॅगझिनचा कप्पा, तर झाकणाच्या आत अवजाराची छोटी खिशी असते. पी-३८ च्या होल्स्टरमध्ये ही खिशी नसते. त्याचा आरंभीचा नमुना कडक चामड्याचा आहे. युद्धाच्या उत्तरार्धात मात्र मऊ व सोप्या बांधणीचा नमुना प्रचारात आला.

रंग व ठसे :
कैसरकालीन होल्स्टर मूळचे तपकिरी असे. १९१५ च्या गणवेश-सुधारणेत चामडी साहित्य काळे करण्याचा आदेश निघाला. त्यामुळे बाहेरून काळ्या होल्स्टरच्या आतील बाजूस तपकिरी रंग आढळल्यास नंतरच्या रंगकामाची शक्यता तपासावी. नाझी राजवटीत निर्मात्याच्या नावासोबत शस्त्रविभागाच्या तपासनिसाचा गरुडचिन्हांकित ठसा आढळतो. १९४० च्या सुमारास कारखान्यांची नावे गुप्त राखण्यासाठी अक्षरी संकेत आले. युद्धाच्या अखेरच्या काळात काही वस्तूंवर केवळ उद्योगाचा नोंदणी-क्रमांक दिसतो.

दक्षता :
ठसा, रचना व रंग यांत परस्परसंगती हवी. १९३६ या वर्षासोबत युद्धकालीन अक्षरी संकेत अथवा पी-३८ च्या होल्स्टरवर १९३५ हे वर्ष आढळल्यास ठसा संशयास्पद मानावा. जुन्या चामड्यावर नवा ठसा मारून किंमत वाढविण्याचे प्रकार घडतात. तसेच एकाच होल्स्टरवर दोन राजवटींचे ठसे असल्यास ते बनावटच, असेही समजू नये. पहिल्या महायुद्धातील साहित्य पुढे पुन्हा वापरले गेले होते.

समारोप :
सारांश, कोणताही एक ठसा स्वयंसिद्ध पुरावा ठरत नाही. निर्मिती, दुरुस्ती व पुनर्वापर यांची स्वतंत्र नोंद केल्यासच कालनिश्चिती विश्वसनीय ठरते.