कासवाला हवं ऊन, गवत आणि मोकळी जमीन

इंग्लंडच्या हॅम्पशायरमध्ये सेलबोर्न नावाचं गाव आहे. अठराव्या शतकात गिल्बर्ट व्हाइट हे धर्मगुरू आणि निसर्गनिरीक्षक तिथे राहत. १७८० मध्ये त्यांच्या आत्याचं निधन झालं आणि तिने वर्षानुवर्षं सांभाळलेलं 'टिमथी' नावाचं कासव व्हाइट यांच्या बागेत आलं. ते जमिनीखाली कधी गेलं, कधी वर आलं, त्याचं वजन किती भरलं, हे सगळं ते टिपून ठेवत. शरद ऋतूत ऊन तिरपं झालं की टिमथी भिंतीपाशी जाऊन कवच तिच्यावर टेकवत असे, म्हणजे तेवढ्याच उन्हात पाठीला जास्त ऊब मिळे. हे टिमथी मादी असल्याचं पुढे तिच्या कवचावरून सिद्ध झालं. ते कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे.

व्हाइट यांच्या या नोंदीत कासव पाळण्याचा पहिला धडा आहे. कासवाला अंगातल्या अंगात ऊब निर्माण करता येत नाही. त्याची भूक, पचन, आजाराशी लढण्याची ताकद हे सगळं बाहेरच्या उष्णतेवर चालतं. ऊन मिळालं नाही तर कासव खात नाही. जबरदस्तीने भरवलंच तर खाल्लेलं पचत नाही.

हे कळायला ब्रिटनला फार मोठी किंमत मोजावी लागली. भूमध्य समुद्राकाठची ग्रीक आणि हर्मन जातीची कासवं विसाव्या शतकात लाखोंच्या संख्येने तिथे आणून स्वस्तात विकली गेली. बीबीसीच्या 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात १९६३ पासून कासव असे आणि थंडीपूर्वी त्याला खोक्यात निजवण्याचा सोहळा पडद्यावर दिसे. पण घरोघरच्या कासवांपैकी फार थोडी टिकली. कित्येकांना पहिल्या हिवाळ्यानंतरचा वसंत दिसला नाही. अखेर १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने या जातींच्या व्यापारी आयातीवर बंदी घातली. आज तिथे मिळतात ती प्रामुख्याने बंदिवासात जन्मलेली कासवं, आणि ती कशी जगवायची याचं शास्त्रही बरंच पुढे गेलं आहे.

सुरुवात घरापासून. दुकानदार हमखास काचेची पेटी गळ्यात मारतो. मासोळ्यांना ती ठीक, जमिनीवरच्या कासवाला मात्र जाच. काच ही भिंत आहे हे त्याला उमगत नाही, ते तासन्‌तास तिला धडका देत राहतं. आत हवा कोंडते आणि सगळीकडे सारखंच तापमान होतं. जाणकार त्याऐवजी वरून उघडा, बुटक्या कडांचा लाकडी वाफा करतात. तळाशी माती आणि थोडी वाळू, कासवाला अंग पुरून घेता येईल इतकी खोल. एका टोकाला दिव्याखाली ३० ते ३५ अंशांची ऊब, दुसऱ्या टोकाला वीसच्या आसपासचा गारवा. कुठे बसायचं ते कासव स्वतः ठरवतं, आणि दिवसभरात अनेकदा जागा बदलतं.

नुसती ऊब मात्र पुरत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांचा 'यूव्हीबी' नावाचा भाग कातडीवर पडला की शरीरात ड३ जीवनसत्त्व तयार होतं, आणि ते असेल तरच आहारातलं कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचतं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन उबदार असतं, पण हे किरण काच अडवते. बंद तावदानाशी ठेवलेलं कासव म्हणूनच उन्हात बसूनही उपाशी राहतं. कवच मऊ पडतं, पाय अंगाचा भार पेलेनासे होतात. घरात पाळायचं तर खास यूव्हीबी दिवा लागतोच. तो लखलखत असला तरी त्यातले हे किरण महिनोन्‌महिने कमी होत जातात, म्हणून बनवणाऱ्याने दिलेल्या मुदतीनुसार, बहुधा सहा ते बारा महिन्यांनी, दिवा बदलावा लागतो. उन्हाळ्यात बाग मिळाली तर उत्तमच. फक्त कुंपण जमिनीत खोलवर रोवलेलं हवं, कारण कासवं पट्टीची उकरणारी असतात, आणि उंदीर-कुत्र्यांपासून रात्री आडोसा हवा.

मग ताटाचा प्रश्न येतो. इथे बहुतेक चुका लाडापोटी होतात. कासव लालभडक टोमॅटोकडे, कलिंगडाच्या फोडीकडे झेपावतं आणि घरातल्यांना वाटतं, याला हेच आवडतं. पण ग्रीक किंवा हर्मन कासवाचं पोट घडलं आहे ते खडकाळ माळावरच्या रानपाल्यासाठी. त्यात चोथा भरपूर, प्रथिनं कमी आणि फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम असतं. फळांतल्या साखरेने आतड्यातले उपयुक्त जिवाणू बिघडतात, जुलाब लागतात. कुत्र्यामांजरांचं खाणं दिलं तर जादा प्रथिनांचा बोजा मूत्रपिंडांवर पडतो. आइसबर्ग लेट्यूसमध्ये पाण्यापलीकडे फारसं काही नाही. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं.

चांगलं ताट साधं असतं. डँडेलियनची पानं-फुलं, क्लोव्हर, जास्वंदीची पानं आणि फुलं, तुतीचा पाला, काटे काढलेला फड्या निवडुंग. कीटकनाशक न मारलेला असा पाला आलटून पालटून द्यायचा. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेनाचा तुकडा वाफ्यात ठेवला की कासव गरजेनुसार कुरतडतं. पाला खडबडीत फरशीच्या तुकड्यावर वाढला तर खाताना चोच घासली जाते आणि पोटात वाळूही कमी जाते.

चोच बिघडली तर काय होतं, याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सेंट हेलेना बेटावरचा जोनाथन. १८८२ मध्ये तो बेटावर आला तेव्हाच पूर्ण वाढलेला होता, त्यावरून त्याचा जन्म १८३२ च्या सुमाराचा मानतात. म्हातारपणी मोतीबिंदूने त्याची दृष्टी गेली, वास येईनासा झाला आणि चोच बोथट होऊन ठिसूळ झाली. गवत कापलंच जाईना, कासव खंगत चाललं. बेटावरचे पशुवैद्य जो हॉलिन्स यांनी त्याला आठवड्यातून एकदा हाताने भाज्या-फळं भरवायला सुरुवात केली. पोषण मिळताच चोच पुन्हा टणक, धारदार झाली आणि जोनाथन स्वतः चरू लागला. ही फळं गवतावर वाढलेल्या एका महाकाय, आजारी कासवाला औषधादाखल दिली होती, हे मात्र विसरून चालणार नाही.

पाळीव कासवांच्या पाठीवर अनेकदा टेंगळं येतात, खवले उंचवटून पिरॅमिडसारखे होतात. पूर्वी सगळा दोष प्रथिनांना दिला जाई. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्नातल्या संशोधनात आफ्रिकन सल्काटा जातीची पिल्लं पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि आहारावर वाढवली होती. कोरड्या हवेतल्या पिल्लांची पाठ अधिक टेंगळली, आणि आर्द्रतेचा हा परिणाम प्रथिनांपेक्षा ठळक निघाला. म्हणून पिल्लांच्या वाफ्यात एक ओलसर कोपरा ठेवतात आणि आठवड्यातून काही वेळा त्यांना कोमट पाण्यात, मान वर राहील इतक्या उथळ, पंधरा-वीस मिनिटं बसवतात. तेव्हा लघवीबरोबर पांढरा पदार्थ बाहेर पडतो. तो मऊसर असेल तर ठीक, वाळूसारखा कचकचीत असेल तर शरीरात पाणी कमी आहे.

सर्वांत जोखमीची असते ती थंडीतली झोप. ग्रीक आणि हर्मन कासवं निजतात, सल्काटा आणि आपल्याकडची तारा कासवं निजत नाहीत. निजण्याआधी दोन ते चार आठवडे खाणं थांबवून पोट रिकामं होऊ द्यावं लागतं, कारण थंड शरीरात उरलेलं अन्न सडतं. या काळात अंघोळी मात्र चालू ठेवतात. झोपेत तापमान ३ ते ८ अंश हवं. शून्याखाली डोळ्यांना इजा होते, दहाच्या वर साठवलेली चरबी जळते. त्यामुळे अनेक ब्रिटिश घरांत पाच अंशांवर लावलेला वेगळा फ्रिज असतो आणि कासवाचं ठरलेल्या दिवशी वजन होतं. वजन दहा टक्क्यांच्या आसपास घटलं की जागं करायचं. आजारी कासवाला निजू देत नाहीत.

इथपर्यंत वाचून महाराष्ट्रात कोणी कासव आणायला निघणार असेल तर त्याने थांबावं. बाजारात चोरून विकली जाणारी, 'घरात लक्ष्मी येते' म्हणून घेतली जाणारी तारा कासवं पाळणं गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि शिक्षा किमान तीन वर्षांच्या कैदेची आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आहे. तस्करीतून सुटलेल्यांनाही परतीची वाट सोपी नसते. २०१८ मध्ये सिंगापूरहून ५१ तारा कासवं कर्नाटकात परत आणली गेली, ती दोन देशांतल्या संस्थांनी आणि वन विभागाने मिळून केलेल्या खटपटीमुळे.

आपल्या घरांतल्या टाक्यांत असतात ती मुख्यतः लाल कानांची स्लायडर, मूळची अमेरिकेच्या मिसिसिपी खोऱ्यातली पाण्यातली कासवं. रुपयाएवढं पिल्लू काही वर्षांत ताटलीएवढं होतं आणि वीस-तीस वर्षं जगतं. त्यालाही यूव्हीबी लागतो, अंग वाळवायला पाण्याबाहेर कोरडी जागा लागते, गाळणीचं स्वच्छ पाणी लागतं. नुसत्या सुकटीवर वाढवलं तर अ जीवनसत्त्वाअभावी त्याचे डोळे सुजून मिटतात. वय वाढेल तसा पाणवनस्पतींचा आणि पाल्याचा वाटा वाढवावा लागतो. कंटाळा आला म्हणून त्याला गावच्या तळ्यात सोडू नये, कारण जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे आणि ते देशी कासवांचं अन्न व जागा बळकावतं. सांभाळणं अशक्यच झालं तर जवळच्या प्राणी बचाव संस्थेला विचारावं. घरात किंवा शेजारी तारा कासव असेल तर मात्र ते परस्पर कुणाला देऊ नये, रानातही सोडू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून त्यांच्याच ताब्यात द्यावं.