ठाण्याच्या डायरीतला रविवार

पहाटे 5.30

रविवार म्हणजे सांगोल्याचा बाजारवार. उजाडायच्या आतच मिरज रस्त्याने आणि मंगळवेढ्याकडून पिकअप, टेम्पो रांगेने येऊ लागतात. त्यांत खिलार बैल, कालवडी, म्हशी, शेळ्या-मेंढ्या. आटपाडी, जत, माण, खाली कर्नाटकातूनही माणसे येतात. बाजाराकडे वळणाऱ्या तोंडाशी एक हवालदार शिट्टी घेऊन उभा असतो. गाडी कुठे लावायची, जनावर कुठे उतरवायचे, ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या कुठून फिरवायच्या, हे सगळे त्याच्या हातवाऱ्यांवर चालते.

हा हवालदार कोणी एक माणूस नाही. माझे मामा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ते आणि गेल्या वीसेक वर्षांत मी जवळून पाहिलेले त्यांच्यासारखे अनेक मिळून हा एक हवालदार झाला आहे. त्याचा एक दिवस सांगायचा, कारण मोठ्या शहराचे पोलीस दल कसे बांधलेले असते हे तालुक्याच्या ठाण्यात बसल्यावर फार लवकर समजते. तिथे ज्या कामाला शाखा असते, त्या कामाला इथे माणूस असतो. आणि बहुतेक वेळा तो एकच असतो.

सकाळी 8.00

हजेरी. अंगणात रांग लागते, हजेरी मास्तर वहीतून एकेक नाव आणि बक्कल नंबर पुकारतो आणि ड्युट्या वाटतो. बाजार बंदोबस्त, बँक, समन्स-वॉरंट, कोठडीचा पहारा, 112 ची गाडी, रात्रगस्त. खात्यात शिपाई, हवालदार, सहायक फौजदार, फौजदार अशी चढण आहे. नाईक हे मधले पद 2022 मध्ये रद्द झाले. पण हजेरीत सगळे हवालदार ‘मेजर’च.

सांगोला ठाणे सोलापूर ग्रामीण पोलीस दलाचे. वर पोलीस अधीक्षक सोलापुरात, मधे मंगळवेढ्याला उपविभागीय पोलीस अधिकारी, आणि ठाण्याचा कारभारी पोलीस निरीक्षक. सोलापूर शहराचे मात्र वेगळे. तिथे 1992 पासून पोलीस आयुक्तालय आहे: फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी आणि जोडभावी पेठ अशी सात ठाणी, आणि त्यांच्या पाठीशी वाहतूक शाखा, गुन्हे शाखा, विशेष शाखा, नियंत्रण कक्ष. मुंबईचे आयुक्तालय तर 1864 पासूनचे. नव्वदहून जास्त ठाणी, त्यांची परिमंडळे, परिमंडळांवर प्रादेशिक विभाग. वाहतुकीचा हवालदार तिथे वाहतूकच बघतो. पहाटे शिट्टी वाजवणारा आपला मेजर मात्र दहा वाजता तपासी अंमलदार होतो.

9.30

ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर पहिली तक्रार बाजारातूनच येते. बैल विकत घेतला, दोरी हातात आली आणि दोनशे पावलांवर बैल बसला. हेड्याने, म्हणजे जनावरांच्या दलालाने, खोड लपवली, असे शेतकऱ्याचे म्हणणे. हेडी म्हणतो, दात बघितले, चाल बघितली, मग आता काय? जनावरांच्या बाजारात अजूनही रुमालाखाली बोटे धरून सौदे होतात. किंमत दोघांनाच ठाऊक, कागद नाही, साक्षीदाराला बोटे दिसलेली नाहीत. फसवणूक की व्यवहारातला वाद? ठाणे अंमलदार दोघांना बाकावर बसवतो, पाणी देतो, आणि आधी दोघांचे ऐकून घेतो. अर्ध्या तासाने त्यांच्यातलाच एखादा जाणता म्हातारा मधे पडतो, थोडी रक्कम परत होते आणि बैल नव्या धन्याच्या मागे चालू लागतो. कायद्याच्या पुस्तकात याला नाव नाही. पण हा अर्धा तास कोणी दिला नसता तर दुपारी डोकी फुटली असती.

यानंतर येतो मोबाईल गेलेला तरुण. त्याचा फोन गाडीत गेला, मिरजेहून येताना, बहुधा सांगली जिल्ह्याच्या हद्दीत. पूर्वी अशा माणसाला ‘तिकडे जा’ हे उत्तर मिळायचे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी ठाण्याने खबर नोंदवून घ्यायची, हे कायद्यातच आले. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवतात आणि मग हद्दीच्या ठाण्याकडे पाठवतात. वाचकांनी हे लक्षात ठेवावे. गुन्हा दखलपात्र असेल तर प्रथम खबर लिहून घेणे हे ठाण्याचे कर्तव्य आहे, आणि तिची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

11.00

आपला मेजर आता मोटारसायकलवर, बीटातल्या गावाकडे. मागे त्याचा रायटर, म्हणजे तपासाचे कागद लिहिणारा शिपाई. रात्री शेततळ्यावरची मोटार आणि पन्नास फूट केबल गेली आहे.

सांगोला हा दुष्काळी तालुका. माण नदी वर्षातले बरेच महिने वाळूच दाखवते. त्याच जमिनीत लोकांनी ठिबकवर डाळिंब उभे केले. 28 डिसेंबर 2020 रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालच्या शालिमारला सुटली, ती या तालुक्याच्या कष्टाची पावती होती. पण बाग उभी राहिली की तिच्याभोवतीची चोरीही येते. मोटार, केबल, स्टार्टर आणि तोडणीच्या आदल्या रात्री फळसुद्धा. शहरातल्या घरफोडीला बातमीत जागा मिळते. इथे मोटार गेली तर पाणी तुटते, आणि बहराच्या ऐन दिवसांत चार दिवस पाणी तुटले तर वर्ष जाते. फिर्यादी शेतकरी पंचनाम्याच्या वेळी मोटारीच्या किमतीबद्दल फारसे बोलत नाही. झाडांकडे बघत बोलतो.

गावचा पोलीस पाटील आधीच येऊन थांबलेला असतो. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम 1967 चा. हे पद गावातल्या माणसाकडेच असते, म्हणून रात्री कोणाची अनोळखी गाडी वस्तीवरून गेली हे पहिल्यांदा त्याच्याच कानावर येते. दोन पंच बोलावले जातात. आता नव्या कायद्याने झडती आणि जप्तीचे चित्रीकरणही करावे लागते. रायटरच्या एका हातात पेन, दुसऱ्या हातात फोन, आणि शेतात रेंज नाही. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तर न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यायलाच हवे. शहरात ते तासाभरात पोचू शकतात. सोलापूर ते सांगोला हेच ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, आणि तिथून पुढे वाडी-वस्ती. तोवर जागा राखायची कोणी? त्याच हवालदाराने.

दुपारी 1.40

ग्रामीण रुग्णालय. विहिरीत पडून एक वृद्ध गेले. अकस्मात मृत्यू. इथे गुन्हा नसतो, पण मरणोत्तर पंचनामा असतो, शवविच्छेदनाचा कागद असतो, आणि बाहेर झाडाखाली बसलेले कुटुंब असते. डॉक्टर आत, मेजर दारात. कागद पुरा झाल्याशिवाय प्रेत ताब्यात देता येत नाही आणि सूर्य कलायच्या आत अंत्यविधी व्हावा अशी घरच्यांची घाई. मामा सांगायचे की खात्यात अंगातले सगळे बळ खर्ची पडते ते अशा दारात उभे राहण्यात, चोराच्या मागे धावण्यात नाही. पुढचे वाक्य ते कधी पुरे करत नसत.

जेवणाचा डबा ठाण्यातच राहिलेला असतो.

4.30

आदल्या रात्री 9.40 ला दुसऱ्या एका चोरीत एकाला अटक झाली आहे. रविवारी कोर्ट बंद असते, घड्याळ बंद नसते. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभे करायचे, हे राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदाने सांगितले आहे. म्हणून सुट्टीच्या दिवशी ज्या न्यायाधीशांकडे काम असेल त्यांच्यासमोर नेतात. त्याआधी आरोपीची वैद्यकीय तपासणी, घरच्यांना अटकेची खबर, आणि सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात ‘अटक गरजेची का होती’ याची लेखी कारणे. यातला एक कागद राहिला तर आरोपी सुटतो, आणि तो सुटावा हेच बरोबर आहे. माणसाचे स्वातंत्र्य कागदावर टांगलेले असताना कागद नीट हवा. मोठ्या ठाण्यात गुन्ह्याचे कारकून आणि कोर्टाचे पैरवी अंमलदार वेगळे असतात. इथे मेजर मांडीवर फाइल घेऊन गाडीतच शेवटची सही तपासतो.

6.45

बांधाचे भांडण. दोन भावकीतली माणसे, एक फुटलेली वीट, दोन्ही बाजूंच्या बायका. नोंद अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलिसांना तपास नाही. पण मेजरला माहीत असते की पाऊस पडून नांगरट सुरू झाली की हेच दोघे कोयते घेऊन उभे राहतील. मग प्रतिबंधक कारवाई, बोलीभाषेत ‘चॅप्टर’.

शहर आणि तालुका यांतला फरक या एका शब्दात सापडतो. आयुक्तालयात दंडाधिकाऱ्याचे हे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांकडेच असतात, सहायक आयुक्त स्वतः बंधपत्र लिहून घेऊ शकतो. सांगोल्यात तो अधिकार तहसीलदारांचा. तडीपारीचे बरेचसे प्रस्ताव असेच प्रांतांकडे जातात. आयुक्त पद्धतीने वेग येतो, हे खरे. पण पोलिसाने मागायचे आणि दुसऱ्याच कोणी तपासून द्यायचे, ही तालुक्याची जुनी रीत मला जास्त सुरक्षित वाटते. उशीर होतो, तो सोसावा.

रात्री 8.20

112 ची गाडी. लोकांना वाटते फोन समोरच्या ठाण्यात वाजतो. तो वाजतो नवी मुंबईच्या महापे येथील केंद्रात, किंवा नागपूरच्या. तिथून जिल्हा नियंत्रण कक्ष, आणि तिथून गाडीतल्या पडद्यावर ठिकाण येते. म्हणून फोन करताना ‘आपल्या मळ्यात’ असे सांगून भागत नाही. गाव, तालुका, जवळचे देऊळ किंवा शाळा सांगायला हवी.

आजचा कॉल महामार्गावरचा. रत्नागिरी-नागपूर रस्ता रुंद झाला, गाड्यांचा वेग वाढला, कडेने चालणारा माणूस तोच राहिला. 31 ऑक्टोबर 2022 च्या संध्याकाळी जुनोनीजवळ कोल्हापूर जिल्ह्यातून कार्तिकीला निघालेल्या दिंडीत मोटार घुसली आणि 7 वारकरी गेले. पंढरपूर जवळ आले होते. तेव्हापासून या पट्ट्यात अंधारात दिंडी दिसली की मला तीच संध्याकाळ आठवते. माघी, चैत्री, आषाढी, कार्तिकी या चारही वाऱ्यांत जिल्ह्याचे पोलीस पंढरपुरात ओढले जातात, आणि नेमकी तेव्हाच आसपासच्या रस्त्यांवर चालणाऱ्यांची गर्दी असते. वारकऱ्यांनी पताकेबरोबर मागच्या माणसाच्या पाठीवर चमकणारी पट्टी लावावी, ही हात जोडून विनंती.

आज दुचाकी घसरली आहे, जीव वाचला आहे. मेजर काच बाजूला करतो आणि वाहतूक सुरू करतो. पहाटेचेच काम, फक्त अंधारात.

11.00

घरी जाऊन आलेला मेजर पुन्हा ठाण्यात. दोन तास मिळाले. मुले झोपली होती. आता रात्रगस्त. बँका, एटीएम, पेट्रोल पंप, सराफ कट्टा, एसटी स्थानक. रेल्वे स्थानकाच्या फलाटावर काही घडले तर ते लोहमार्ग पोलिसांचे, पण फलाटाबाहेर पाऊल पडले की पुन्हा यांचे.

मुंबईत देवनार ठाण्यात मे 2016 मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तिथल्याच एका शिपायाने तो आराखडा मांडला होता आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो उचलून धरला. पुढे ती पाळी मुंबईतल्या इतर ठाण्यांतही नेली गेली. माझे म्हणणे एवढेच की ही पाळी तालुक्यालाही द्या, आणि तिच्यासाठी लागणारी माणसे आधी द्या. अठरा तास जागलेला माणूस पंचनाम्यात वेळ चुकीची लिहितो, बाकावरच्या बाईवर ओरडतो, आरोपीवर हात उगारतो. त्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्याला अठरा तास जागे ठेवणाऱ्यांनाही जाब विचारला पाहिजे.

2.50

महूद रस्त्याला बागेत उजेड हलतो. गाडी थांबते, बॅटरीचा झोत टाकला जातो. पलीकडून आवाज येतो, ‘आम्हीच हाय साहेब, राखण करतोय.’ बापलेक दोघे, काठी घेऊन, तोडणीला आलेल्या डाळिंबाजवळ. मेजर खाली उतरतो, त्यांच्या शेकोटीजवळ पाच मिनिटे उभा राहतो, वस्तीवरच्या दोघांचे नंबर लिहून घेतो. चहा होतो. ही पाच मिनिटे कुठल्याच तक्त्यात धरली जात नाहीत, पण उद्या अनोळखी गाडी दिसली तर पहिला फोन याच नंबरावरून येईल.

सोमवार, सकाळी 8.00

रात्रीचा ठाणे अंमलदार डायरी पुढच्याच्या हवाली करतो. कोठडीत किती, मुद्देमाल किती, हत्यारे किती, सगळे मोजून. गस्तीची नोंद होते, परत आल्याची वेळ पडते. हजेरी मास्तर वही उघडून नावे पुकारू लागतो. मेजरच्या नावापुढे आज बंदोबस्त नाही, गस्त नाही. समन्स आहे. तीन वर्षांपूर्वीच्या एका गुन्ह्यात 11 वाजता त्याला न्यायालयात साक्षीला उभे राहायचे आहे.