‘तुंबाड’ पाहिलाय? आता ‘आजी’ वाचा

काल विरार फास्टमध्ये खिडकी मिळाली आणि नारायण धारपांची ‘आजी’ ही कथा वाचायला काढली. या कथेवरून सुचलेला ‘तुंबाड’ (२०१८) हा सिनेमा तीनदा पाहिलाय, त्यामुळे गोष्ट माहीतच आहे असं वाटत होतं. अजिबात नाही! सोन्याच्या मुद्रा वगैरे सगळं सिनेमाचं. सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेलं, आणि ती तर भयकथाही नव्हे. ‘आजी’चं मूळ स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’ या कथेत (१९८४). पण धारपांची भीती अस्सल मराठी घरातली, आपल्याच माणसाच्या अंथरुणापाशी बसलेली. भाईंदर सुटलं, गाडी खाडीच्या पुलावर आली, बाहेर मिट्ट काळोख. पान उलटायला हात धजेना. वसई-विरारकरांनो, जवळच्या वाचनालयात धारप नक्की मागा.