उक्तं की मोजून?
(लेखमाला : बिलाच्या आत – लेखांक ६)

मागच्या आठवड्यात विजेच्या बिलातले टप्पे पाहिले. जितकी युनिटं तितके पैसे, हे तिथं पटतं, कारण युनिटमागे कुठंतरी कोळसा जळतो. फोनचं तसं नाही. केबल टाकली, टॉवर उभा राहिला, की तुम्ही दोन मिनिटं बोला नाहीतर वीस, कंपनीचा खर्च जवळजवळ तोच. तो वाढतो सगळे एकाच वेळी लाइनवर आले की, कारण यंत्रणा सर्वांत गर्दीच्या तासाला पुरेल एवढी उभारावी लागते.

जुन्या एसटीडी, म्हणजे परगावच्या फोनच्या, दरांना हे नेमकं ठाऊक होतं. एसटीडी बूथच्या काचेच्या केबिनमध्ये लाल आकडे पळत असत आणि बोलणाऱ्याचं लक्ष समोरच्याच्या बोलण्यापेक्षा त्या आकड्यांवर. गाव जितकं लांब तितका पल्स (एका युनिटमध्ये मिळणारा वेळ) छोटा, म्हणजे मीटर भराभर पडणार. रात्री अकरानंतर मात्र पाव दर. त्यामुळे मुंबईहून गावी फोन करणारे जेवणं आटोपून बूथवर रांग लावत आणि दिवसाची लाइन मोकळी राहत असे. व्यवस्था म्हणून हे चोख होतं. पण ‘बरं, ठेवतो, बिल पडतंय’ म्हणत कितीतरी बोलणी अर्ध्यावर तुटली, हीसुद्धा त्याचीच किंमत.

मोबाइल १९९५ मध्ये आला तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत मोजावे लागत, आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. इनकमिंग फुकट झालं मे २००३ मध्ये. मग लोकांनी मिस कॉलची अख्खी भाषाच तयार केली : एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. २००५ साली बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत ५०० रुपयांच्या प्लॅनमध्ये महिन्याला १ जीबी मिळायचं आणि रात्री २ ते सकाळी ८ कितीही वापरा, मोजणी नाही. पोरं दोनचा गजर लावून डाउनलोड सुरू करत. पाव दराचीच ही पुढची पिढी.

माणसाला मीटरची धास्ती वाटते. मोजून घेतलं तर स्वस्त पडेल अशी माणसंही उक्ता दर निवडतात, हे अमेरिकेतल्या टेलिफोन ग्राहकांच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. ‘जास्त बिल येणार नाही’ या निर्धास्तपणासाठी आपण जादा पैसे मोजतो. पण उक्त्या दराचं दुसरं टोक अमेरिकेनेच पाहिलं. डिसेंबर १९९६ मध्ये ‘एओएल’ या इंटरनेट कंपनीने तासांचा हिशेब सोडून महिन्याला १९.९५ डॉलरमध्ये फोनच्या लाइनवरून हवं तेवढं इंटरनेट दिलं. लोक जोडणी तोडेनात, इतरांना एंगेज टोन ऐकू येऊ लागला आणि कंपनीला ग्राहकांचे पैसे परत करावे लागले.

आपल्याकडे उक्त्या दराचं वळण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओमुळे आलं. बोलणं अमर्याद, डेटा रोजचा ठरलेला. दर कोसळले, हातोहाती व्हिडिओ आले, त्याचं मोल मी नाकारत नाही. पण हिशेब करून पाहा. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २९९ रुपयांचा झाला. तो पूर्ण संपवणाऱ्याला जीबी सुमारे ७ रुपयांना पडतो. जो नेट सुरूच करत नाही, त्यालाही २९९च. शिवाय २८ दिवसांमुळे वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज.

सर्वांत जास्त भरडला गेला तो फक्त आलेले फोन घेणारा माणूस. कधीकाळी त्याचं कार्ड जवळपास फुकट चालायचं. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी महिन्याकाठी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला. जुलै २०२४ नंतर तीच पायरी दोनशेच्या घरात पोचली. मुलीचा फोन येईल म्हणून कार्ड जिवंत ठेवणाऱ्या आजी नातवंडांच्या व्हिडिओचा खर्च उचलतात, हे मला अन्यायाचं वाटतं. उक्ता दर जरूर असावा, पण कमी वापरणाऱ्याला मोजून देण्याची वाटही उघडी हवी.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलणं आणि एसएमएस यांचे वेगळे पॅक देण्याचं बंधन कंपन्यांवर घातलं. ८४ दिवसांना साडेचारशेच्या आसपास असे पॅक बाजारात आले. ते अजूनही महाग आहेत, पण रोजच्या डेटाच्या पॅकांपेक्षा बरेच स्वस्त. दुकानदार ते आपणहून सुचवेलच असं नाही. तेव्हा या आठवड्यात घरातल्या थोरांच्या फोनमध्ये महिन्याचा डेटा किती वापरला गेला ते पाहा. आकडा नगण्य असेल, तर पुढचा रिचार्ज मारताना ‘फक्त कॉलिंगचा पॅक द्या’ असं स्पष्ट सांगा.